गडग्यावरचा घोडा

काजूच्या बोंडांचा आंबूस वास आला की चाळीस वर्षांपूर्वीचा परड्याभोवतीचा गडगा आठवतो. रत्नागिरीत घोडा कुठला बघायला मिळायला? म्हणून ताई त्या चिऱ्यांच्या गडग्यावरच घोड्यासारखी बसून मला कादंबरी वाचून दाखवायची, एका मुलीची नि तिच्या शर्यतीच्या घोड्याची. शर्यत सुरू होणार, तोच आईने हाक मारली, "उतर गो खाली. तुला बघायला मंडळी आलीत."

ताईने पानाचा कोपरा दुमडला. "मी आल्याशिवाय पुढे वाचू नको हां," म्हणत परकर झटकून गेली. चहा-पोहे झाले की येईल, असं मला वाटलं. त्याच दुपारी तिचं लग्न ठरलं.

पुढे कितीदा माहेरपणाला आली, पण घोडा जिंकला का, हे तिने कधी विचारलं नाही. मीही ते पान अजून उलटलेलं नाही.