हाण तिला, म्हणाले

"हाण तिला."

संस्थेच्या चेअरमननी वेताची छडी माझ्या हातात कोंबली. समोर प्रज्ञा. पाचवीतली पोर, अनवाणी. मागं फुटबॉलची सगळी टीम.

तिचा गुन्हा एवढाच. माझ्या टीममध्ये कोणी कुठं खेळायचं ते पोरंच ठरवतात. रिंगण करून बसतात, भांडतात, बोलतात, ठरवतात. त्या दिवशी ती चेअरमनच्या पोराला म्हणाली, "समद्यांची पाळी झाली. आज गोलात तू." तो उभा राहिला. बॉल अडवायला मातीत झेपावला. कोपर सोललं, तरी हसत होता. चेअरमननी ते गाडीतून पाहिलं.

"म्हारवाड्यातली पोरगी माझ्या पोराला मातीत घालनार? आन् तू बी त्यातलीच. म्हनून असलं शिकवतीस व्हय?"

त्यातलीच. खरं होतं. लहानपणी नागापूरच्या शाळेत गोलचा एक खांब मोडला, तो आमच्या सरांनी बदलला नाही. त्या जागी मला उभं केलं. "हिला लागत न्हाई," म्हणाले. पोरं बॉल मारायची. पोटात. छातीवर. एकदा तोंडावर आला. दात तुटला, तोंड रक्तानं भरलं. सर म्हणाले, "खांब हलतो व्हय रं?" पोरं हसली. मीही हसले.

म्हणून कोच झाले तेव्हा ठरवलं, आधी पोरांना विचारायचं. सोनईजवळच्या या गावात पहिल्याच दिवशी प्रज्ञाला विचारलं, "तुला काय वाटतं?" तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले. प्रश्नामागून चापट येते, एवढंच तिला माहीत. ती बोलती व्हायला अख्खा पावसाळा गेला.

आणि आता तीच पोर, छडी बघून, आपणहून तळहात पुढं करत होती.

मी छडी कंपाउंडबाहेर भिरकावली.

चेअरमननी माझे केस धरले. कानशिलात ठेवून दिली. गळ्यातल्या शिट्टीची दोरी ओढली. श्वास कोंडला, मी गुडघ्यांवर आले. बरगडीत लाथ. हेडमास्तर व्हरांड्यातून बघत होते. आत निघून गेले.

"पप्पा, माझीच पाळी हुती!" पोरगा ओरडला. चेअरमननी त्यालाही हाणलं. त्याचं नाक फुटलं.

तेव्हा मी उठले. त्यांचं मनगट धरलं. "हात लावायचा न्हाई. तिला न्हाई, त्याला न्हाई, मला बी न्हाई." बोलताना माझ्या तोंडातलं रक्त त्यांच्या पांढऱ्या शर्टावर उडालं. ते मागं सरले.

तशीच पोलीस ठाण्यात गेले. तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, मिटवून घ्या." फिर्याद लिहून घेईपर्यंत मी बाकावरून उठले नाही.

नोकरी गेली. शाळेचं गेट बंद. आता वस्तीमागच्या माळावर शिकवते. कोणीतरी तिथं काचा टाकून जातं. आम्ही काचा वेचतो, मग खेळतो.

प्रज्ञाला विचारलं, "कोर्टात बोलशील का? न्हाई म्हनलीस तरी चालंल."

ती म्हणाली, "बोलनार. पर माझं मीच बोलनार."

बोलू दे. तिच्या तोंडात मी एक शब्दही घालणार नाही. फिर्याद मागं घेणार नाही. पुन्हा मारलं तरी नाही. तारखेला चेअरमनना यावंच लागेल. आणि गप्प बसून एका पोरीचं ऐकावं लागेल.