माझ्या मुलीचे दोन फोटो

माझी मुलगी सात महिन्यांची होती तेव्हा मी घरी बसून फोटो रंगवायचे. रंगीत फोटो तेव्हा आमच्यासारख्यांच्या आवाक्यात नव्हते. गिरगावातल्या एका स्टुडिओतून लग्नामुंजीचे, गेलेल्या माणसांचे काळे-पांढरे फोटो मी पाकिटात घालून फणसवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत घेऊन यायचे आणि रंगवून परत नेऊन द्यायचे. लग्नाआधी ड्रॉइंगच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, तेवढ्यावर हे काम मिळालं होतं.

शेजारणी म्हणायच्या, "किती छान! बसल्या जागी काम, मूलही डोळ्यासमोर." त्यांना ब्रशाची चव ठाऊक नव्हती. टोक यावं म्हणून तो दर दोन मिनिटांनी ओठांत धरून ओढावा लागे. तांब्याच्या भांड्यात राहिलेल्या ताकासारखी ती चव दिवसभर जिभेवर असायची. चूळ भरल्याशिवाय मी मुलीचा पापा घेत नसे. खोलीत टर्पेंटाइनचा वास, त्यात दुपट्यांचा वास, आणि वर दोरीवरच्या दुपट्यातून एक थेंब कुणा नवऱ्यामुलाच्या फेट्यावर पडला की सगळं काम पुन्हा. मुलगी रांगायला लागल्यावर तिला जुन्या धोतराच्या पट्टीने पलंगाच्या पायाला बांधून ठेवू लागले. तरी एकदा तिने निळा रंग पुसलेला कापूस चोखलाच. दोन दिवस तिचं प्रत्येक दुपटं मी धुण्याआधी उजेडात धरून पाहत होते.

प्रत्येक फोटोमागे एक चिठ्ठी असे. मुलगी गोरी करणे. वडिलांच्या गळ्यात सोन्याची साखळी दाखवणे. सगळ्यांना गोरं व्हायचं होतं, मेलेल्यांनासुद्धा. मी करत होते. घराला माझ्या कामाची गरज होती आणि सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे मुलीला त्यांच्यावर टाकून मला बाहेर नोकरी करता येत नव्हती.

माझे यजमान गोदीतल्या एका कचेरीत कारकून. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा जोरात होत्या असे ते दिवस. कचेरी सुटली की ते परस्पर सभेला जायचे आणि घसा बसवून घरी यायचे. मुंबई आपलीच, हे मलाही पटत होतं. गोळीबार झाला तेव्हा मीही मुलीला पोटाशी धरून दाराआड बसले होते. हे सांगते, कारण पुढे जे झालं त्यात त्यांचा तो बसलेला घसा मला फार लागला.

एकदा रंगवलेले फोटो द्यायला मुलीला कडेवर घेऊन स्टुडिओत गेले. मालकांनी तिच्याकडे पाहिलं, तंबाखूने पिवळ्या झालेल्या बोटांनी तिचा गाल चिमटला आणि म्हणाले, "वहिनी, काय बाळसं आहे हो! बसवा तिला. एक फोटो काढू. आमच्याकडून भेट."

मी हरखले. तिचा एकही फोटो नव्हता आमच्याकडे. त्यांनी तिला मखमली उशीवर बसवलं. ती उशी किती मुलांनी ओली केली होती कोण जाणे. मखमल कडक झाली होती आणि वास मारत होती. नंतर घरी जाऊन तिला अंघोळ घालू, असं मनात म्हणत मी हसत उभी राहिले. मुलगीही हसली. दोन दात दिसले.

पंधरा दिवसांनी मी नवीन काम आणलं. पाकीट घरी उघडलं तर आत तिचेच दोन फोटो, एकाच निगेटिव्हवरून काढलेले. एकाच्या मागे चिठ्ठी होती: गुलाबी, टवटवीत करणे. दुसऱ्याच्या मागे: आजारी दाखवणे. डोळ्यांखाली खड्डे, गाल बसलेले, ओठ काळसर. हसू पुसणे.

मी तशीच मुलीला उचलून स्टुडिओत गेले. मालकांसमोर रेशमी कोटातले एक गृहस्थ चहा पीत बसले होते. बाळांच्या टॉनिकचा त्यांचा कारखाना होता, हे मला तिथे कळलं. फोटो त्यांच्या जाहिरातीसाठी होता. बाटलीआधीचं बाळ आणि बाटलीनंतरचं बाळ.

"मला विचारलं नाहीत तुम्ही," मी म्हणाले.

"अहो वहिनी, रंगच तर आहे," मालक म्हणाले. "बाळाला कुठे काय होतंय?"

"मग खरंच आजारी बाळाचा फोटो घ्या."

रेशमी कोटवाले हसले. "आजारी मुलं नीट बसत नाहीत हो. रडतात. आणि बघवत नाहीत." त्यांनी माझ्या हातात एक बाटली ठेवली. "ही तुमच्या बेबीला."

घरी येऊन मी यजमानांना सगळं सांगितलं. ते सभेला निघायच्या घाईत होते.

"त्यात काय एवढं?" ते म्हणाले. "नाही म्हणालीस तर काम जाईल. तिकडे माणसं छातीवर गोळ्या झेलताहेत आणि तू एका फोटोवरून डोळ्यात पाणी आणतेस?"

मला त्यांची किळस आली. इतकी वर्षं झाली, आम्ही सुखानेच संसार केला, पण त्या क्षणी त्यांच्या शर्टाचा वाससुद्धा मला नको झाला.

आणि तरीही मी तो फोटो रंगवला. हे दुसऱ्या कुणावर ढकलता येणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी पाळण्यात झोपली होती. खड्डे कुठे पडतील ते मला कळेना, म्हणून मी पाळण्यावर वाकून तिच्याकडे बघितलं. ही आजारी पडली तर गाल कुठून आत जाईल, डोळ्याखालचं हाड कुठे दिसेल, हे झोपलेल्या माझ्या मुलीच्या तोंडावर बोट न टेकवता मी शोधलं. मग ब्रश ओठांत ओढला आणि तपकिरीत थोडा निळा मिसळून लावत गेले. दातांवरून रंग फिरवला. तासाभरात फोटोतली मुलगी मरायला टेकली. काम इतकं उत्तम झालं होतं, की मनात आधी अभिमान आला आणि मग मोरीत जाऊन मी ओकले.

सासूबाईंनी वाळत ठेवलेला फोटो पाहिला. त्या किंचाळल्याच. "अगं, काय केलंस हे? सोन्यासारख्या पोरीला?" मीठ-मोहऱ्या घेऊन त्यांनी नातीची दृष्ट काढली, नंतर फोटोचीही काढली. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ती बाटली मी उघडून हुंगली. गुळाचा पाक नासल्यासारखा वास. मोरीत ओतली, तर चिकट तपकिरी ओघळ कितीतरी दिवस निघेना.

महिन्याभरात जाहिरात सगळीकडे लागली. गिरगावात, दादरला, औषधाच्या दुकानांवर, भिंतींवर. सभांच्या पत्रकांशेजारी माझी दोन तोंडांची मुलगी. मी तिला घेऊन बाहेर जायचं टाळू लागले. गेलेच तर तिचं तोंड पदरात झाकून घ्यायचे. बायका म्हणत, काय बाई, दृष्ट लागेल म्हणून किती जपते!

एका रविवारी मात्र लालबागला नणंदेकडे जावंच लागलं. परतताना मोर्चामुळे ट्राम थांबल्या होत्या. यजमान "आलोच" म्हणून मोर्चात शिरले. मी मुलीला घेऊन एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. उकडत होतं, मुलीने पदर ओढून बाजूला केला. समोरच्या भिंतीवर ती जाहिरात होती.

पलीकडच्या चाळीतून एक बाई आली. पंचविशीची असेल. मालवणकडची, नवरा गिरणीत. ते नंतर कळलं. तिच्या खांद्यावर एक मुलगा होता. मी जे खड्डे रंगाने काढले होते ते त्याच्या तोंडावर खरे होते. जागच्या जागी. माझा अंदाज अगदी बरोबर निघाला होता.

तिने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्या मुलीकडे.

"बाय, ह्या चेडू त्या चित्रातला ना?"

मी मुलीच्या तोंडावर पदर ओढला.

"माझ्या झिलाक तीन बाटल्यो झाल्यो. अंगार काय धरना नाय. तुमी किती दिलात?" तिच्या आवाजात इतकी आशा होती, की माझ्याने खोटं बोलवेना.

"एक थेंबसुद्धा दिला नाही हो," मी म्हणाले. "ती कधी आजारीच नव्हती. ते खड्डे मी रंगवलेत. माझ्या हातांनी. टॉनिक बंद करा आणि त्याला डॉक्टरला दाखवा."

ती माझ्याकडे बघत राहिली. "कोण आवस आपल्या पोराक असा रंगवतली?"

"या आईने रंगवलं."

"दिष्ट लागात म्हणान सांगना नाय तुमी," ती म्हणाली. "ऱ्हांवदे." आणि मुलाचं डोकं खांद्यावर दाबून निघून गेली. जाताना तिने माझ्या मुलीच्या मांड्यांकडे पाहिलं ते मला अजून दिसतं.

दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओत गेले. जाहिरात काढून टाका म्हणाले. मालक म्हणाले, छपाई होऊन गावोगावी गेली, आता काय काढता? मी रंगांची पेटी आणि ब्रश त्यांच्या टेबलावर ठेवले. "पुन्हा विचार करा," ते म्हणाले, आणि माझ्या मुलीचा गाल धरायला हात पुढे केला. मी तो हात झटकला. लागला असावा त्यांना. लागू दे.

घरी यजमानांशी भांडण झालं. सासूबाई माझ्या बाजूने बोलल्या, ते पहिल्यांदाच. पुढे मी साड्यांना काठ शिवायचं काम घेतलं. त्यात कुणाला फसवावं लागत नव्हतं.

त्या बाईला मी सोडलं नाही. नणंदेने चाळीत विचारून तिचं घर शोधलं. मी दोनदा गेले तर तिने दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा तिची सासू घरी होती, तिच्याशी बोलले. शेवटी ती, तिची सासू, नणंद आणि मी, अशा चौघीजणी मुलाला घेऊन परळच्या मुलांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं. जंत होते. मग त्यांनी विचारलं, दूध किती देता? ती बाई खाली बघून म्हणाली, दूध बंद केलं होतं. बाटली महाग, दोन्ही कसं परवडणार?

दवाखान्याचा बाक, फिनेलचा वास, आणि माझ्या मांडीवर माझी गुबगुबीत मुलगी. मला जमिनीत जावंसं वाटलं.

मुलाला औषध मिळालं. पेज, डाळीचं पाणी, दूध सुरू झालं. दोन-तीन महिन्यांत तो भिंत धरून उभा राहू लागला. नणंद ही बातमी घेऊन आली, आणि पुढे म्हणाली, "पण ती बया चाळीत सगळ्यांना काय सांगते, माहीत आहे? पाचव्या बाटलीने गुण आला म्हणे. तुमच्यापासून लपवून देत होती. आता त्या चाळीत आणखी तीन घरांत बाटली आली आहे."

मी काठ शिवत होते. सुई साडीत टोचून ठेवली. मुलगा वाचला याचा मला खरोखर आनंद झाला होता. पण ती तीन घरं माझ्याच रंगाला भुलली होती. मी नणंदेला म्हटलं, "ती तीन घरं कुठली ते मला दाखवा." तिने विचारलं, "कधी?" मी साडी घडी करून ठेवली, मुलीला उचललं आणि म्हटलं, "आत्ता."