वर काय विशेष न्हाई

चंदनबाला चौगुले या बाईनं अर्धा महाराष्ट्र आणि शिवाय थोडं कर्नाटक पाहिलंय, पण सगळं खालून. पन्हाळा म्हटलं की तिला आठवतं ते बस उभी होती तिथलं चिंचेचं झाड. मांगीतुंगी म्हणजे पायथ्याच्या धर्मशाळेतली ओली लाकडं. श्रवणबेळगोळला तर ती तीनदा गेली आणि तिन्ही वेळा बाहुबलीला लांबूनच हात जोडून पुन्हा पिठात हात घालून बसली. कुणी म्हणेल, बाई दुबळी असेल, आजारी असेल. छे! सांगलीजवळच्या समडोळीची, शेतात वाढलेली, ऊस तोडायला पुरुषाच्या बरोबरीनं उभी राहणारी बाई. तिला कुणी वर जाऊच दिलं नाही, एवढंच.

त्याचं असं आहे. समडोळीची जैन मंडळी सहलीला निघाली की हॉटेलाकडे बघत नाहीत. कांदा-बटाटा चालत नाही, पाणी गाळून लागतं आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दिवस मावळायच्या आत जेवण उरकावं लागतं. मावळला की संपलं, मग सकाळपर्यंत पोट बांधून बसायचं. त्यामुळे बसच्या पोटात शेगडी, भांडी, पीठ, डाळ असा सगळा संसार भरायचा आणि बस थांबेल तिथं चूल मांडायची. नियम चांगला आहे, आमचं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण नियम सगळ्यांनी पाळायचा आणि त्यासाठी राबायचं एकीनं, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय ते मात्र कुणी दाखवत नाही. चंदनबालाच्या हाताला चव होती. चव असणं हा तिचा गुन्हा. पहिल्या सहलीत तिनं हौसेनं भाकरी थापल्या आणि त्या दिवसापासून शेगडी तिच्या गळ्यात पडली.

मंडळी वरून उतरायची, हातपाय धुऊन पंगतीला बसायची. ती वाढता वाढता विचारायची, "वर काय होतं वो?" आणि तिचा नवरा रायगोंडा, देव त्याचं भलं करो, भाकरीचा तुकडा मोडत म्हणायचा, "काय विशेष न्हाई. दगडंच हायत. बरं झालं आली न्हाईस, पाय दुखले असते." बाकीचे मान डोलवायचे. तीसुद्धा समजूत घालून घ्यायची की आपण फार काही हुकवलेलं नाही.

रायगोंडा गेला. मुलगा पुण्याला. चंदनबाला समडोळी सोडून सांगलीत विश्रामबागेत लहानशा फ्लॅटमध्ये राहायला आली. साठी ओलांडली होती. एक दिवस पुतण्या जिनेंद्र दारात आला. जिनेंद्र हळदीचा व्यापारी. गोड बोलून समोरच्याच्या खिशात हात घालणारा. म्हणाला, "काकू, दोन दिवसांची सहल हाय. एसी बस, सोबत गाइड, माइकवर सगळा इतिहास सांगणार. मेणवली, वाई, सज्जनगड, दुसऱ्या दिवशी औंध. आपलीच चाळीसेक माणसं."

चंदनबालानं एकच विचारलं, "सैपाक?"

"कंपनीवाले सगळं बघतात," जिनेंद्र म्हणाला.

तिनं स्वतःच्या पैशानं जागा घेतली. खिडकीची घेतली. नवे बूट आणले, कॅनव्हासचे, आणि ते घालून आठवडाभर कॉलनीत फेऱ्या मारल्या. यावेळी चढायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. कुणाला बोलली नाही, कारण बोललं की कुणीतरी गुडघ्याची आठवण करून देतं.

सकाळ तर झकास गेली. गाइड इंद्रजित नावाचा तरुण होता, आवाज खणखणीत. मेणवलीच्या घाटावर त्यानं ती थोरली पोर्तुगीज घंटा दाखवली, ती वसईहून कशी आली ते सांगितलं. चंदनबाला सगळ्यांच्या पुढं उभी राहून ऐकत होती. घाटाच्या पायऱ्या ती खाली उतरली आणि वर चढली, गुडघ्यानं हूं की चूं केलं नाही. दुपारी सगळ्यांनी घरून आणलेले डबे खाल्ले. बायका म्हणाल्या, "चंदनक्का, आज लय खुशीत दिसताय." ती नुसती हसली.

साडेतीन-चारला बस सज्जनगडाच्या वाहनतळावर लागली. समोर पायऱ्या, वर दरवाजा, त्याच्या वर आभाळ. चंदनबालानं बुटांच्या नाड्या घट्ट केल्या. तेवढ्यात जिनेंद्रनं बसची डिकी उघडली आणि तिनं आत पाहिलं.

आत शेगडी होती. सिलिंडर होता. गावच्या बस्तीतली, म्हणजे जैन देवळातली मोठी पातेली, परात, पोळपाट, ज्वारीच्या पिठाचा डबा, पाणी गाळायचं स्वच्छ धुतलेलं फडकं. अगदी तिच्या सवयीचा, मधे खोलगट झालेला तवासुद्धा. तो तवा तिच्या समडोळीच्या घरातून कुणी काढून आणला, हे विचारायची गरजच नव्हती. घराची किल्ली जिनेंद्रकडेच होती.

"काकू, साताऱ्यात हॉटेलवर पोचेपर्यंत दिवस मावळंल," जिनेंद्र लाडात येऊन म्हणाला. "म्हणून हितंच उरकून घिऊ म्हटलं. आमटी आणि भाकरी. तुमच्या हाताला काय, तासाभराचं काम."

"कंपनीचा आचारी कुठं हाय?"

जिनेंद्र इकडंतिकडं बघायला लागला. इंद्रजित बिचारा मधे पडला. त्याला वाटलं आपल्या कंपनीवर आळ येतोय. तो म्हणाला, "मावशी, आम्ही आचारी देत होतो. यांनीच नको म्हणून कळवलं. म्हणाले, आमच्यात स्वयंपाकाला बाई आहे."

बाई आहे.

चंदनबालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षं ती स्वतःला काकू समजत होती, वहिनी समजत होती, चंदनक्का समजत होती. ती बाई होती. डिकीत शेगडी आणि सिलिंडर, आणि खिडकीच्या जागेवर बाई, सामान पूर्ण. आणि वर या सामानाकडून जागेचे पैसेही घेतले होते!

"मी वर जातो," ती म्हणाली. सांगलीकडच्या बायका बोलतात तशी तीही जातो-येतोच बोलते, पण आज त्या 'जातो'ला धार होती.

"काकू, तुमचे गुडघे..."

"भाकरी थापायला उकिडवं बसतो तवा कुणाला आठवत न्हाईत रं माझे गुडघे? सरक बाजूला."

चंदनबाला पायऱ्या चढायला लागली. रागात चढली म्हणून दम लागलेला कळला नाही. पहिला दरवाजा गेला, दुसरा गेला. मागून इंद्रजित माइक सोडून नुसत्या तोंडानं सांगत येत होता, पण तिच्या कानात एकच वाक्य घुमत होतं. देवळं झाली, समाधी झाली. मग इंद्रजित सगळ्यांना पठाराच्या पार टोकाला, धाब्याच्या मारुतीपाशी घेऊन गेला.

तिथं उभं राहून तिनं पाहिलं. खाली उरमोडीचं पाणी डोंगरांच्या बोटांत बोटं घालून पसरलं होतं. पलीकडे डोंगरामागं डोंगर, शेवटचा तर आभाळात मिसळलेला. समोरच्या पठारावर पवनचक्क्या फिरत होत्या. वारा असा की पदर हातात धरून ठेवावा लागत होता. एक घार चक्क तिच्या पायाखालून उडत गेली.

तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. राग आला. असा राग तिला रायगोंडा जिवंत असताना एकदाही आला नव्हता. हे असं असतं वर? पन्हाळ्यावर असंच होतं? मांगीतुंगीवर? आणि हा माणूस माझी भाकरी मोडत दरवेळी सांगत होता, काय विशेष न्हाई? तो खाली उतरून एक शब्द खरं बोलला असता तर मी दुसऱ्या दिवशी शेगडी दरीत फेकून वर आलो असतो. त्याला ते ठाऊक होतं. म्हणूनच नाही बोलला.

"खोटारडा," ती मोठ्यानं म्हणाली. शेजारी सेल्फी काढणारी दोन पोरं दचकली. मेलेल्या माणसाला असं बोलू नये म्हणतात, पण ती आणखी एकदा बोलली.

खाली उतरली तेव्हा ऊन तिरकं झालं होतं आणि वाहनतळावर आमटीचा वास सुटला होता. बाकीचे आधीच उतरून पंगतीला बसले होते. शेगडीपुढं जिनेंद्रची बायको ब्राह्मी उकिडवी बसून भाकरी थापत होती. लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेली पोरगी, कपाळावर पीठ लागलेलं, आचेनं डोळे लाल. मंडळी चढायला लागली तेव्हा तीही चढत होती, हे चंदनबालानं स्वतः पाहिलं होतं. जिनेंद्रनं तिला पहिल्या दरवाजातून माघारी पाठवलं होतं. शेगडी काही रिकामी राहिली नव्हती.

ब्राह्मीनं भाकरी उलटली आणि मान वर केली. "काकू, वर कसं होतं वो?"

चंदनबाला तोंड उघडणार, तेवढ्यात पंगतीतून, तोंडात घास धरून, जिनेंद्र बोलला. "काय विशेष न्हाई गं. दगडंच हायत. बरं झालं थांबलीस, पाय दुखले असते."

तेच. शब्द तेच, घासही तोच. चुलत्याच्या मांडीवर बसून शिकला होता की काय कोण जाणे.

चंदनबालानं वाकून शेगडीचा कान पिरगाळला. जाळ भप्पकन विझला.

"अवं काकू, भाकरी कच्ची राहिली!" जिनेंद्र ओरडला.

"कच्ची खा. न्हाईतर थाप स्वतः. हात हायत न्हवं? का ते बी हळदीबरोबर इकलेस?" तिचा आवाज अख्ख्या वाहनतळावर गेला, दुसऱ्या बसमधली माणसं खिडकीतून बघायला लागली. "मला खोटं सांगत म्हातारी केलीसा तुमी सगळ्यांनी. सगळ्यांनी! खाल्लं माझ्या हातचं आणि बोललासा खोटं. आता हिला बी तेच सांगतोस? मुडद्या, मी आत्ताच बघून आलोय वर काय हाय ते!"

कुणी मान वर केली नाही. चाळीस माणसं आमटी ओरपत होती, कारण दिवस मावळायला आला होता आणि जेवण उरकायचं होतं.

चंदनबाला ब्राह्मीकडे वळली. "जेवलीस?"

"न्हाई. सगळ्यांचं झाल्यावर..."

"मग ऐक. दिवस अजून हाय. एवढ्या वेळात एक तर जेवण हुईल, न्हाईतर गड. मी सांगणार न्हाई. तूच ठरीव."

ब्राह्मीनं सूर्याकडं पाहिलं, परातीकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं. नवरा 'खाली बस' म्हणून डोळ्यांनी खुणावत होता. ती उठली, पिठाचे हात पदराला पुसले आणि चप्पल शोधायला लागली.

"आणि भांडी?" जिनेंद्रनं विचारलं.

दोघी पायऱ्यांकडं निघाल्या होत्या.

या वेळी गुडघे बोलले. चंदनबाला प्रत्येक वळणाला कठड्याला टेकत होती, पण थांबली की ब्राह्मी थांबायची आणि ते तिला नको होतं, म्हणून ती थांबेना. मारुतीपाशी पोचल्या तेव्हा सूर्य डोंगराला लागला होता. पाणी तांबडं झालं होतं. दोघी कठड्याशी उभ्या राहिल्या. सूर्य गेला. म्हणजे आता उद्या सकाळपर्यंत दोघींना अन्न नाही, पाणी नाही.

ब्राह्मी बराच वेळ बघत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. नाकपुड्या फुलल्या, ओठ थरथरायला लागले. चंदनबालाला वाटलं, पोरगी रडणार.

"एवढं सगळं हाय," ब्राह्मी म्हणाली, "आणि ह्यो मला काय विशेष न्हाई म्हणला?"

तिचा आवाज चढला होता. चंदनबालानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"हितं नगं वरडू," ती म्हणाली. "सांभाळून खाली ने तो राग. मी मघाशी माझा राग हितंच टाकून गेलो असतो, तर आत्ता आपण दोघी हितं नसतो."

खालून बसचा हॉर्न वाजत होता. दोघी तशाच उभ्या राहिल्या.