तांदळात लिहिलेलं नाव

माझ्या कादंबरीतल्या दोन जावांची नावं बदला, असं पुण्याच्या संपादकांनी कळवलं. सुरुवातीचं अक्षर एक, शेवटही एकच. कोण भाकरी थापतेय आणि कोण रडतेय, हे वाचकाला कळत नाही म्हणे. मला रागच आला. कळू नये, हेच तर सांगायचं होतं. आमच्याकडे लग्नात नवरीचं नवं नाव ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहितात. मोठ्या आईचं, म्हणजे माझ्या मोठ्या काकूचं, तसंच बदललं. मग माझ्या आईचं बदललं, तेही मोठीच्या नावाशी जुळेल असं. बैलजोडीची नावं ठेवावीत तसं. सुनांची जोडी शोभली पाहिजे, ही आजीची हौस. त्या हौसेची मला किळस येते, आणि तिचं कौतुक करत जेवून गेलेल्या पाहुण्यांची त्याहून जास्त.

गेल्या उन्हाळ्यात मोठी आई वारली. त्याच आठवड्यात आई आणि मी ऑटोनं नालवाडीहून वर्ध्याच्या बाजारात निघालो होतो. चौकात आईनं ऑटो थांबवायला लावला. वर भलामोठा फ्लेक्स. फोटो मोठ्या आईचा आणि खाली नाव माझ्या आईचं. भावपूर्ण श्रद्धांजली. बाजूला हात जोडलेला, गॉगल लावलेला मोठ्या आईचा मुलगा, मेलेल्या आईपेक्षा मोठा. त्याला निवडणुकीला उभं राहायचं आहे.

मी तिथूनच त्याला फोन लावला.

"अवं ताई, दुकानदाराले सांगतानी चुकलं. दोघींचे नावं सारखेच तं हायेत. फोटो बरोबर हाये ना? मंग? तेरवी झाली का काढतोच."

स्वतःच्या जन्मदात्रीचं नाव! मला शिसारी आली. त्याहून ओंगळ म्हणजे, फ्लेक्स दोन दिवस तिथं होता आणि अख्ख्या गोतावळ्यात कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

आईनं ऑटो घराकडेच वळवायला सांगितला. जिवंतपणी श्रद्धांजली वाचून कुणाला बरं वाटेल? घरी आल्यावर म्हटलं, "मनावर घेऊ नको."

"त्या नावाचं मले काय व? मेलं तं मेलं," ती फणकारली. "तुह्या पुस्तकात आमचे माहेरचे नावं टाक."

सासू घराबाहेर पडली की या दोघी चुलीपाशी एकमेकींना माहेरच्या नावानं बोलवायच्या, हे मला तेव्हा तिच्याकडून कळलं. इतकी वर्षं, आणि आम्हा पोरांना पत्ता नाही.

मी नावं बदलली. आता कशी वेगवेगळी वाटतात, म्हणून संपादक खूश. त्यांच्या खुशीचाही मला वीटच आला. पानं आईला वाचून दाखवली. मोठी जाऊ धाकटीला नावानं हाक मारते, तिथं आईनं मला थांबवलं.

"पुन्हा वाच," ती म्हणाली. "मले त्या नावानं बोलावणारी तेवढी एकच उरली होती."