इंचभर मिस्त्री

मिस्त्रीचा देह असा, की दारातून आत यायचं तर त्याला तिरकं व्हावं लागे. आणि लोकांनी नाव ठेवलं ‘इंचभर’. शेगडीमागचा पत्रा भिंतीला चिकटवायचा नाही, मध्ये इंचभर पोकळी सोडायची, ती खालून-वरून उघडी ठेवायची, म्हणजे वारा खेळतो आणि भिंत तापत नाही, हे तो भेटेल त्याला ऐकवी. कोणी प्रकृती विचारली तरी गाडी तिथेच येई.

शिंपीणबाईंनी त्याला बोलावलं वडिलांसाठी. त्यांचीही हयात शिंपीकामात गेलेली. आता गुडघ्यांना जिना झेपेना आणि खालच्या एकुलत्या खोलीत खाट मावेना, कारण लाकडी भिंतीपासून तीन फूट अंतर राखून लोखंडी शेगडी मधोमध ठाण मांडून बसलेली. ती मागे सरली नाही, तर म्हातारबुवांची रवानगी धाकट्या मुलाकडे. तिथे सुनेशी त्यांचं चहाच्या साखरेवरूनही वाजे.

मिस्त्रीने दोन दिवस खपून चिनीमातीच्या गुट्ट्यांवर, म्हणजे छोट्या ठोकळ्यांवर, भिंतीपासून इंचभर सोडून पत्रा उभारला, शेगडी भिंतीपासून फूटभरावर आणली. खाट बसली. पण तासभर जाळ घालून स्वतःचा तळहात भिंतीला लावल्याखेरीज काम झालं असं तो म्हणत नसे. त्यासाठी तो दुसऱ्या दिवशी आला. तासभर जाळ झाल्यावर कडेने हात आत घातला आणि झटकन बाहेर काढला. भिंत चटका देत होती.

वाकून पाहतो तर खालची फट जाड कापडाच्या गोटाने बेमालूम बुजवलेली. वरचीही. उघडी शिवण दिसली की बापलेकींना घास गिळवत नसे. टाके लेकीचे, हुकूम बापाचा.

मिस्त्रीने आधी शेगडी विझवली. मग खाटेच्या कडेला टेकला, खाट कुरकुरली.

“बाबा, सदरा अंगाला चिकटवून शिवता का हो?”

“छे! चार बोटं सैल.”

“का बरं?”

“माणसाने श्वास नको घ्यायला?” म्हातारबुवा म्हणाले आणि त्यांची नजर पत्र्यामागच्या फटीकडे गेली. त्यांनी लेकीकडे हात पसरला. “कात्री दे.”

गोट त्यांनी स्वतः उसवला. पुन्हा तासभर जाळ झाला. मिस्त्रीने तळहात भिंतीला लावला, निवांत तिथेच ठेवला आणि म्हातारबुवांचा हातही शेजारी नेऊन टेकवला. भिंत जेमतेम कोमट होती.

खाट जागची हलली नाही. हल्ली म्हातारबुवा पडल्या पडल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ती फट दाखवतात आणि सांगतात, माप बरोबर घेतलंय.