गॅमा किरण आणि गल्लीतल्या मोटरी

समस्त सोलापूरकरांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आकाशाच्या सर्व बाजूंनी गॅमा किरणांचा, डोळ्यांना न दिसणारा एक मंद उजेड आपल्यावर पडत असतो आणि तो नेमका कुणाकुणाचा, याचा पुरता छडा अजून लागलेला नाही. एवढ्या एका गोष्टीपायी भर गल्लीत माझी अब्रू गेली.

आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं. नळाला मोटर लावून ते ओढायचं नाही, असा नियम. तरी पाणी आलं की गल्लीभर घूंऽऽ सुरू. त्या सकाळी शेवटच्या घरातले काका, मूळचे मोहोळचे, निवृत्त हेडक्लार्क, तावातावाने रस्त्यावर आले. दुपारी लेकीचं डोहाळजेवण, घरात पिंपं कोरडी आणि नळाला करंगळीएवढी धार. दोन दारांत उभं राहून त्यांनी दोन मोटरी बंद करवल्या. घूं तसंच.

"मास्तर, तुमी सायन्सवाले. ह्यो आवाज कुटनं येतोय, सांगा की."

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. स्वतःहून विचारणारा श्रोता मला वर्षातून एकदा भेटतो. चहाचा कप कठड्यावर ठेवून मी हात पसरले.

"काका, आकाशाचंही हेच. काही दीर्घिकांच्या पोटात अजस्र कृष्णविवरं असतात. ती थेट आपल्या दिशेनं गॅमा किरणांचे झोत मारतात. त्यातल्या ठळक दीर्घिका दुर्बिणीला सापडतात. त्या वजा केल्या तरी उजेड उरतोच. बराचसा अशाच, पण फार लांबच्या, एकेकट्या न दिसणाऱ्या दीर्घिकांचा असावा. थोडा नवे तारे जन्मतात तिथला. आणि त्यापलीकडं आणखी काही दडलंय का, कुणालाच ठाऊक नाही."

"म्हंजे चोर लई हायत, पण धरायचं कुणालाच न्हाय."

"अगदी बरोबर," मी घाईनं म्हणालो.

काकांनी हातातली रिकामी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. हेडक्लार्कला फाइल अर्धवट सोडवत नाही. "मग ते शास्त्रज्ञ पयल्यांदा काय वजा करतात?"

"आपलीच आकाशगंगा. ती सगळ्यात जवळ ना, म्हणून तिचाच उजेड सगळ्यात..."

काकांनी मान तिरकी करून माझ्या घराकडे कान लावला होता. तेवढ्यात गच्चीवरून आमची ही ओरडली, "अहो, टाकी भरून वाहायला लागली की, आता तरी आपली मोटर बंद करू का?"