डेल्सी आणि साडेदहाचं गेट

अभ्यासिका उघडायची, झाडायची आणि बंद करायची, हे माझं काम. रोज झाडू मारला की बाकांखाली दोन पेनांची टोपणं, एक खोडरबर आणि एक किस्सा सापडतो. टोपणं आणि खोडरबर मी डब्यात टाकतो. किस्से कुठे टाकायचे? पोटात ठेवून ठेवून पोट दुखायला लागलं, म्हणून आता तुम्हीच घ्या!

मी इनास. भुईगावचा. शिक्षण सातवी. पण सातवीत दोन वर्षं बसलो, म्हणजे आठवीच झाली की! गावच्या हॉलच्या माळ्यावर आमची अभ्यासिका, दुपारी चार ते आठ. दहावीची चौदा पोरं. वर देखरेखीला सुलभाबाई. मूळच्या सावंतवाडीच्या, आता माणिकपूरला फ्लॅटमध्ये राहतात. शाळेतून रिटायर झाल्या, पण शाळा त्यांच्यातून रिटायर झाली नाही.

बाईंचं एकच म्हणणं. "हुशारी नंतर बघू. आधी वेळ सांभाळायला शिका!"

आणि त्यांच्या नशिबी आली डेल्सी. पोरगी गुणाची, पण प्रत्येक ठिकाणी पंचवीस मिनिटं उशिरा. बाप्तिस्म्यालाही उशिरा पोचली होती, फादर दुसरं बाळ उरकून बसले होते! प्रिलिमला गणिताच्या पेपरला उशिरा गेली, तर शाळेने बाहेरच ठेवली. तिची आई रोजी माझ्याकडे येऊन रडली.

"इनासभाऊ, शाळेचं एक वेळ ठीक. पन बोर्डाचं गेट साडेदहाला बंद होतं. एक पेपर चुकला की पोरीचं वर्ष गेलं!"

म्हटलं, "रडू नको. बाई आहेत, मी आहे."

बाई आहेत म्हटल्यावर तिला धीर आला. मी आहे म्हटल्यावर परत रडली.

* * *

बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, प्रत्येकाने आपलं टाइमटेबल करून आणायचं.

आदित्य हा आमचा सगळ्यात शिस्तीचा पोरगा. त्याने चार दिवस खपून टाइमटेबल केलं. गणित लाल, विज्ञान हिरवं, इतिहास पिवळा. जेवणालासुद्धा केशरी रंग! भिंतीवर लावलं तेव्हा सगळे बघत राहिले.

मी विचारलं, "काय रे, या चार दिवसांत अभ्यास किती झाला?"

"शून्य, काका."

"का?"

"टाइमटेबल करायला लागणारा वेळ टाइमटेबलमध्ये धरायचाच राहिला ना! आता परत करतो."

परत बसला. आणखी चार दिवस!

* * *

मग निघाला मोबाईलचा कायदा. आत येताना प्रत्येकाने मोबाईल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा, जाताना घ्यायचा. पोरं एवढी शहाण्यासारखी रांगेत उभी राहून मोबाईल टाकायला लागली की मलाच संशय आला. मीही एकेकाळी शहाण्यासारखा रांगेत उभा राहायचो, तेव्हा खिशात बेडूक असायचा!

बाई कौतुक करत होत्या. "बघितलंत इनासराव? विश्वास टाकला की मुलं सुधारतात."

तेवढ्यात डब्यात रिंग वाजली. बाई कडाडल्या, "कुणाचा आहे? सायलेंटवर ठेवायला सांगितलं होतं ना!"

मी डबा उघडला. आत दहा मोबाईल आजोबांच्या काळातले, बटणं झिजलेले, बॅटरी नसलेले. दोन नुसती कव्हरं. एक कॅल्क्युलेटर. एक टीव्हीचा रिमोट. आणि एक चांगला, चालू, वाजणारा मोबाईल.

"बाई," म्हटलं, "तुमचाच आहे. घरून साहेबांचा फोन!"

* * *

बाईंनी कुठल्याशा व्हिडिओत बघितलं की पंचवीस मिनिटं अभ्यास आणि पाच मिनिटं ब्रेक, असं केलं की डोकं ताजं राहतं. वेळ झाली की ताट वाजवायचं काम माझ्याकडे. बाई तेव्हा आठ दिवस मुलीकडे विरारला गेल्या होत्या. जाताना मला दोनदा समजावून गेल्या.

परत आल्या तर अभ्यासिका नुसती फुललेली! एकही गैरहजर नाही. डेल्सीसुद्धा वेळेवर!

बाईंच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. "इनासराव, तुम्ही जादू केलीत! अगदी सांगितलं तसंच केलंत ना?"

"अगदी तसंच बाई. पाच मिनिटं अभ्यास, पंचवीस मिनिटं ब्रेक."

बाई खुर्चीत बसल्या. "अहो, उलट! आठ दिवसांत एकाही मुलाने सांगितलं नाही तुम्हाला?"

"नाही हो. उलट रोज केळीचे वेफर्स आणून द्यायची. मला वाटलं, काकांचा लळा लागला!"

खरं म्हणजे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण वेफर्स ताजे असायचे.

* * *

नंतर बाई म्हणाल्या, जे पाठ होत नाही ते कागदावर लिहा आणि सारखी नजर जाईल तिथे चिकटवा. डेल्सीची नजर सारखी कुठे जाते? आईच्या भाजीच्या टोपल्यांकडे. रोजी रोज सकाळी सहाच्या बसने माणिकपूरच्या बाजारात भाजी घेऊन जाते. डेल्सीने गणिताचं सूत्र लिहून थेट आईच्या तराजूवर चिकटपट्टीने लावलं.

झालं काय, तराजू गेला बाजारात! दिवसभर सूत्र रोजीच्या डोळ्यांसमोर.

महिन्याभराने मी वांगी घ्यायला गेलो. म्हटलं, "रोजी, कशी दिली?"

ती माप टाकता टाकता म्हणाली, "ए वर्ग, अधिक दोन एबी, अधिक बी वर्ग. कोथिंबीर पायजे?"

शेजारची पालेभाजीवाली म्हणाली, "हिला उणेवालंपन येतं!"

संध्याकाळी डेल्सीला विचारलं, तर ती म्हणते, "काका, ए वर्गच्या पुढे काय ते आईला विचारून सांगते."

* * *

शेवटी बाईंनी सांगितलं, दुसऱ्याला शिकवलं की आपल्याला पक्कं येतं. मात्र समोरचा अगदी कोरा पाहिजे. चौदाच्या चौदा माना माझ्याकडे वळल्या!

डेल्सीने मला वर्तुळ शिकवायला घेतलं. "काका, ही त्रिज्या. हा व्यास. व्यास त्रिज्येच्या दुप्पट."

"कुणी सांगितलं?"

"असतोच तो!"

"विहिरीचाही?"

"हो!"

"आमच्या विहिरीचा नाही. ती एका बाजूने ढासळलीय."

पोरीने कपाळाला हात लावला, पण सोडलं नाही. अकरा वेळा शिकवलं. मीही प्रत्येक वेळी नवीन ठिकाणी अडायचो, त्यातच तर मजा! बाराव्या वेळी ती डोळे मिटून सगळं घडाघडा बोलली आणि स्वतःच दचकली. "काका, मला येतंय!"

बाईंनी वीस मार्कांची चाचणी घेतली. मीही मागच्या बाकावर बसून गुपचूप पेपर लिहिला. डेल्सीला पंधरा. मला बारा. आदित्यला अकरा!

आदित्यने दुसऱ्याच दिवशी नवीन टाइमटेबल केलं. या वेळी जांभळा रंग वाढवला.

* * *

आणि आला बोर्डाचा पहिला दिवस. सेंटर माणिकपूरच्या एका शाळेत. भुईगावहून रिक्षाने अर्धा तास. पेपर अकराला, गेट साडेदहाला बंद. डेल्सीला आता गणित येत होतं, सूत्र येत होतं. फक्त वेळेवर येणं येत नव्हतं.

तिचा मोबाईल आईने महिनाभर कुलपात ठेवला होता. घरात भिंतीवर घड्याळ नाही. तिचं सगळं मनगटावरच्या घड्याळावर चाले, आणि ते ती आमच्या अभ्यासिकेच्या घड्याळावरून लावायची. म्हणून आदल्या दिवशी मी अभ्यासिकेचं घड्याळ अर्धा तास पुढे केलं. कुणाला बोललो नाही. असली कामं बोलून करायची नसतात.

पेपरच्या दिवशी नऊ वाजता मी आणि आदित्य रिक्षाने निघालो. मी खुशीत होतो. आदित्यला म्हटलं, "एक गंमत सांगू? डेल्सीचं घड्याळ मी अर्धा तास पुढे केलंय!"

आदित्य म्हणाला, "अरेच्चा! मी तिला सांगितलंय की रस्ता खणलाय, रिक्षाला तासभर लागतो."

आम्ही टाळी दिली. तेवढ्यात समोरून भुईगावकडे जाणारी एक रिक्षा झपकन गेली. आदित्य मान वळवून म्हणाला, "काका, तिच्यात डेल्सी होती!"

"गप रे. पेपर इकडे, ती उलटी तिकडे कशाला जाईल? टेन्शनने तुला भास होतायत. पाणी पी."

गेटवर पोचलो तर बाई उभ्या. मी गंमत सांगितली, तर त्या ओशाळल्या. "इनासराव, मीपण तिला गेट दहालाच बंद होतं असं सांगितलंय. आयुष्यात पहिल्यांदा विद्यार्थ्याशी खोटं बोलले."

एवढ्यात बाजारातून रोजी आली, पदराला हात पुसत. तिने ऐकलं आणि तोंडावर हात ठेवला. "अगो बाय! मी सकाळी बाजाराला निघताना तिनं उशाशी काढून ठेवलेलं मनगटाचं घड्याळ अर्धा तास पुढं केलंय!"

आदित्यने बोटांवर मोजलं. "चार अर्धे तास! म्हणजे काका, डेल्सी साडेआठलाच इथे पोचली असणार!"

आम्ही गेटवर बघितलं. डेल्सी नाही. झाडाखाली बघितलं. नाही. दहा वाजले. आदित्य आत गेला. सव्वादहा झाले. रोजीने माळ काढली आणि जप सुरू केला. बाई तर अथर्वशीर्ष म्हणायला लागल्या. मला दोन्ही अर्धंच येतं, मी आलटून पालटून म्हटलं!

दहा अठ्ठावीस. वॉचमनने गेटला हात घातला. बाई त्याला म्हणाल्या, "दादा, दोन मिनिटं. एक मुलगी यायचीय हो!"

आणि धूळ उडवत एक रिक्षा आली. डेल्सीने उडी मारली आणि आमच्याकडे न बघता सुसाट गेटच्या आत! केसांतून पाणी ठिबकतंय, वेणीचा पत्ता नाही. मागे धाडकन गेट बंद झालं.

बाईंनी गेटचे गज धरले. "डेल्सी! होतीस कुठे तू?"

ती आतून वळली. चेहऱ्यावर एवढी शाबासकीची अपेक्षा, की विचारू नका.

"बाई, मी तर सगळ्यांच्या आधी आले होते! साडेआठला! वॉचमनमामा म्हणाले, अजून दोन तास आहेत. तुम्हीच सांगता ना, मोकळा वेळ मिळाला की वाया घालवायचा नाही. म्हणून मग घरी जाऊन आंघोळ करून आले!"